वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतली कृष्णवर्णीय महाविद्यालयं, कलाविभाग आणि फेडरल पैसा

प्रश्न : अमेरिकेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांना, म्हणजे एचबीसीयूंना, कलाशिक्षणासाठी केंद्र सरकारचा वेगळा निधी असतो का?

कलेच्या नावाने बाजूला काढलेली अशी एकच थैली नाही. पैसा चार-पाच खात्यांतून येतो आणि प्रत्येक खातं वेगळ्या गोष्टीसाठी देतं. गोंधळ होतो तो इथेच.

१९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने एचबीसीयूची व्याख्या केली : १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हे मुख्य काम असलेली संस्था. अशा संस्था आज शंभरच्या आसपास आहेत. याच कायद्यातल्या ‘टायटल थ्री, भाग बी’खाली त्यांना सूत्रानुसार रक्कम मिळते. निम्मी वाटणी पेल अनुदान (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी फेडरल मदत) घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होते, पाव पदवीधरांच्या संख्येवर आणि उरलेली पाव पुढच्या शिक्षणाला गेलेल्या पदवीधरांवर. २०१९च्या ‘फ्यूचर’ कायद्याने याला वर्षाला साडेआठ कोटी डॉलरची कायमस्वरूपी जोड दिली. हॉवर्ड विद्यापीठाचं प्रकरण निराळं. त्याला १८७९ पासून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, थेट रक्कम मंजूर करते.

टायटल थ्रीचा पैसा संस्थेला मिळतो, विभागाला नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, इमारतींची डागडुजी, प्राध्यापकांचं प्रशिक्षण यांच्या रांगेत चित्रकला विभागालाही उभं राहावं लागतं. त्यामुळे विभागप्रमुखाने वॉशिंग्टनला पत्रं धाडण्याआधी आपल्याच कॅम्पसवरच्या टायटल थ्री संचालकाला गाठावं. वार्षिक आराखडा ठरण्यापूर्वी गाठलं तर काही पदरात पडतं. नंतर फक्त सहानुभूती मिळते.

प्रश्न : नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सकडे (एनईए, कलेला अनुदान देणारी फेडरल संस्था) आमच्या संगीत विभागाने अर्ज करायचं ठरवलं आहे. नवी रचना करून घ्यायची आणि तीन जाहीर मैफली करायच्या. अंदाजपत्रक कसं मांडावं?

आधी एक खात्री करा : तुमच्या विद्यापीठातून त्याच वर्षी दुसरं कुणी अर्ज करत नाही ना? एका संस्थेला वर्षाला एकच अर्ज करता येतो. कॅम्पसवरचं कलासंग्रहालय स्वतंत्र उद्दिष्ट, स्वतंत्र कर्मचारी आणि स्वतंत्र कारभार दाखवू शकलं तर ‘स्वतंत्र घटक’ म्हणून वेगळा अर्ज करू शकतं. शैक्षणिक विभागाला सहसा ही सवलत मिळत नाही. संगीत विभाग आणि नाट्य विभाग एकमेकांना न सांगता अर्ज भरतात आणि शेवटच्या आठवड्यात कुलगुरूंच्या कार्यालयात समोरासमोर येतात, हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे.

‘ग्रँट्स फॉर आर्ट्स प्रोजेक्ट्स’ या मुख्य योजनेत १० हजार ते १ लाख डॉलर मागता येतात. जेवढे मागाल किमान तेवढेच बिगर-फेडरल स्रोतातून उभे करायचे. समजा, प्रकल्पाचा एकूण खर्च ६० हजार आहे आणि तुम्ही ३० हजार मागता. उरलेले ३० हजार असे दाखवता येतील : खासगी फाउंडेशनकडून १२ हजार, तिकीटविक्रीतून ८ हजार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ४ हजार आणि गावातल्या चर्चने फुकट दिलेल्या सभागृहाचं बाजारभावाने भाडं ६ हजार.

हे ६ हजार जमेत लिहिलेत तर खर्चाच्या बाजूलाही सभागृहाचं भाडं म्हणून तेवढेच लिहायला हवेत. नाहीतर दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि अर्ज तपासणाऱ्याचं बोट नेमकं तिथेच थांबतं.

दुसरी नेहमीची चूक त्याहून महाग पडते. गायनवृंदाच्या संचालकाच्या पगारातले १० हजार ‘आमचा हिस्सा’ म्हणून दाखवले जातात, आणि तो पगार टायटल थ्रीमधून जात असतो. फेडरल पैशाला फेडरल पैसा जोडीला चालत नाही. राज्याच्या कला परिषदेकडून मिळालेल्या रकमेचंही मूळ विचारा. एनईए आपल्या कार्यक्रम-निधीतला ४० टक्के वाटा राज्य आणि प्रादेशिक कलासंस्थांना देतं. त्या वाट्यातून आलेले डॉलर जोडीला धरता येत नाहीत. राज्य विधिमंडळाने स्वतःच्या तिजोरीतून दिलेले धरता येतात. अनुदानपत्रात हा उगम लिहिलेला असतो, फक्त ते पत्र शेवटपर्यंत वाचायला हवं.

मैफलीनंतरचा स्वागतसमारंभ, मद्य, निधिसंकलनाचा खर्च आणि ‘किरकोळ अनपेक्षित’ अशी ओळ, हे सगळं अंदाजपत्रकातून काढून टाका. पदवीच्या अभ्यासक्रमातला तासही सहसा चालत नाही. रचनाकार विद्यार्थ्यांसोबत कार्यशाळा घेणार असेल तर ती श्रेयांकाच्या वर्गाबाहेर ठेवा आणि लोकांसाठी खुली करा.

अप्रत्यक्ष खर्च मागायला संकोचू नका. ज्यांचा फेडरल सरकारशी वाटाघाटीने ठरलेला दर नाही त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून सुधारित थेट खर्चाच्या (उपकरणांसारख्या काही बाबी वगळून उरलेल्या थेट खर्चाच्या) १५ टक्क्यांपर्यंत घेता येतो; आधी ही मर्यादा १० टक्के होती. ५० हजारांच्या पायावर हे साडेसात हजार होतात. छोट्या महाविद्यालयात हिशेबनीसाचा वेळ आणि विजेचं बिल त्यातूनच निघतं.

प्रश्न : आमच्या जुन्या सभागृहात १९३० च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. छत गळतं. कुणाकडे मागावं?

एनईए बांधकामाला पैसे देत नाही, तेव्हा तो दरवाजा सोडा. छतासाठी नॅशनल पार्क सर्व्हिसची (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक वास्तू सांभाळणारी फेडरल संस्था) एचबीसीयू इमारतींसाठीची जतन-अनुदानं आहेत. अलीकडच्या फेऱ्यांत कमाल मर्यादा साडेसात लाख डॉलर होती. वास्तू ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत असावी किंवा नोंदीस पात्र ठरावी लागते.

या पैशाला अटी चिकटून येतात. काम अंतर्गत खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) जतन-मानकांनुसार व्हायला हवं, म्हणजे लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवता येत नाहीत. इमारतीवर ठरावीक वर्षांसाठी जतनाचा करार नोंदवावा लागतो. आणि राज्याच्या जतन-अधिकाऱ्यांमार्फत होणारी, राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यातल्या ‘कलम १०६’ची तपासणी पूर्ण होण्याआधी कंत्राटदाराने पहार लावली, तर तो खर्च नामंजूर होऊ शकतो. पावसाळी आठवड्यात घाई सुटते हे खरं. तोवर ताडपत्री टाका, फोटो काढून ठेवा, पण कौलांना हात लावू नका.

चित्रांचा विचार वेगळा करा. टॅलडेगा महाविद्यालयातली हेल वुड्रफ यांची ‘अमिस्टाड’ चित्रं (१९३९) कॅनव्हासवर तैलरंगात आहेत. ती भिंतीवरून उतरवून दुरुस्त करता आली. फिस्क विद्यापीठात ॲरन डग्लस यांनी १९३० मध्ये केलेलं कामही भिंतीला चिकटवलेल्या कॅनव्हासवर आहे. थेट गिलाव्यावर रंगवलेलं चित्र मात्र भिंतीसोबतच जगतं. तेव्हा अर्जाआधी संरक्षणतज्ज्ञाकडून स्थिती-अहवाल घ्या : आधार कुठला, ओल कुठून येते, रंग कुठे सुटलाय. क्रम न चुकवता आधी छत, मग भिंत कोरडी होऊ देणं, मग चित्र. उलटं केलंत तर दोन हिवाळ्यांत पुन्हा तेच पोपडे दिसतील.

संग्रहालयातल्या वस्तूंसाठी इन्स्टिट्यूट ऑफ म्युझियम अँड लायब्ररी सर्व्हिसेसची (आयएमएलएस) आफ्रिकन अमेरिकन इतिहास-संस्कृतीसाठीची संग्रहालय योजना आहे. तिचं मूळ राष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय स्थापणाऱ्या २००३ च्या कायद्यात आहे. या संस्थेच्या लेखी संग्रहालय म्हणजे वर्षाला किमान १२० दिवस लोकांसाठी उघडं असलेलं. १८६८ पासून चालणाऱ्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयाला याची चिंता नाही. पण सत्रातच दिवे लागणाऱ्या विभागीय दालनाने कॅलेंडर घेऊन दिवस मोजावेत.

प्रश्न : २०२५ नंतर यातलं काय उरलं आहे?

‘चॅलेंज अमेरिका’ ही १० हजार डॉलरची छोटी योजना एनईएने फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२६ साठी रद्द केली. लहान महाविद्यालयांना पहिलं पाऊल टाकायला ती सोयीची होती. मे २०२५ मध्ये अनेक मंजूर अनुदानं रद्द झाल्याची पत्रं गेली. गंमत म्हणजे त्याच पत्रांत नव्या प्राधान्यांच्या यादीत एचबीसीयूंचं नाव होतं, आणि त्याच हंगामात अध्यक्षांच्या अर्थसंकल्पात एनईए बंद करण्याचा प्रस्ताव होता. सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने इतर अल्पसंख्याक-संस्थांच्या योजनांतून वळवलेला पैसा धरून एचबीसीयू आणि आदिवासी महाविद्यालयांना एकरकमी सुमारे ४९.५ कोटी डॉलर जास्त दिले. तो टायटल थ्रीसारख्याच वाटेने येतो, म्हणजे कलाविभागाने पुन्हा कॅम्पसवरच भांडायचं.

पत्रातलं प्राधान्य म्हणजे मंजूर रक्कम नव्हे. हाती असलेल्या अनुदानाचा झालेला खर्च दर महिन्याला मागून घ्या. अनुदान रद्द झालं तर सहसा त्या तारखेपर्यंत झालेल्या खर्चावरच दावा सांगता येतो, आणि वर्षभराची बिलं फाइलमध्ये साठवणाऱ्यांची तेव्हा धावपळ होते.

प्रश्न : मार्चिंग बँडची वाद्यं टायटल थ्रीतून घेता येतील का?

वाद्यं शिकवण्यासाठी लागतात हे दाखवता आलं, तर प्रयत्न करण्यासारखा आहे. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतराचं कारण देऊ नका. वाद्यवर्गाचा अभ्यासक्रम जोडा आणि खरेदीआधी लेखी मंजुरी घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येकी १० हजार डॉलरखालची वस्तू ‘साहित्य’ धरली जाते, त्यावरची ‘उपकरण’. बहुतेक सुझाफोन (अंगाभोवती घालून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) त्या रेषेखालीच राहतात. तरीही प्रत्येकाचा अनुक्रमांक नोंदवा, कारण वाद्यं विद्यार्थ्यांबरोबर घरी जातात.

प्रश्न : अर्ज वेळेत भरूनही तांत्रिक कारणाने बाद झाला. असं का होतं?

बहुतेकदा सॅम डॉट गव्ह या, फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदणीमुळे. ती दर वर्षी नूतनीकरण करावी लागते, आणि संस्थेचं कायदेशीर नाव करखात्याकडच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. ‘कॉलेज’चं ‘युनिव्हर्सिटी’ झालं आणि एकाच ठिकाणी बदललं, की नोंदणी आठवडेच्या आठवडे अडकते. शिवाय एनईएचा अर्ज दोन भागांत जातो : पहिला ग्रँट्स डॉट गव्ह या फेडरल अनुदान-अर्जांच्या संकेतस्थळावर, दुसरा एनईएच्या स्वतःच्या पोर्टलवर. पहिला स्वीकारला गेल्याशिवाय दुसरा उघडत नाही. पहिल्या भागाच्या मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी नोंदणी कधी संपते ते पाहून घ्या, आणि पासवर्ड एकाच व्यक्तीच्या डोक्यात ठेवू नका. ती व्यक्ती नेमकी त्या आठवड्यात रजेवर असते.