कीचक कोण, हे सरकारनंच ओळखलं

तुमचा प्रश्न रास्त आहे: कादंबरी काल्पनिक, त्यात थट्टा, मग सरकारं एवढी का बिथरतात?

थट्टेला खुलासा देता येत नाही म्हणून. आरोप झाला तर पत्रक काढता येतं, अब्रुनुकसानीचा दावा लावता येतो. गोष्टीतल्या डुकरावर दावा कसा लावणार? आधी 'ते डुक्कर मीच' असं कबूल करावं लागेल.

आपल्याकडचं ठळक उदाहरण नाटकाचं आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, ज्याच्यावर रोख होता त्या माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेच नाही. 1910 मध्ये बंदी आली. म्हणजे कीचक कोण, हे सरकारनंच ओळखलं की!

हुशार सरकारं म्हणूनच कागद मागे ठेवत नाहीत. 1944 मध्ये लंडनच्या एका प्रकाशकानं जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' (प्राण्यांच्या गोष्टीतून स्टालिनच्या सोव्हिएत राजवटीची थट्टा करणारी कादंबरी) आधी स्वीकारली आणि मग ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून नाकारली, कारण तेव्हा स्टालिन दोस्त राष्ट्रांत होता. राज्यकर्ते म्हणून डुकरंच दाखवली नसती तर इतकं झोंबलं नसतं, असंही त्या प्रकाशकानं लिहिलं होतं. (तो अधिकारी सोव्हिएत हेर होता, हे पुढे कळलं.)

धर्माच्या बाबतीत सरकारला स्वतःला काही लागलेलं नसतं. तिथे हिशेब असतो. सलमान रश्दींची 'सॅटॅनिक व्हर्सेस' (इस्लामचा अवमान केल्याचा आरोप झालेली कादंबरी) ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1988 च्या अखेरीस निघाली आणि 5 ऑक्टोबरला भारताच्या अर्थ मंत्रालयानं कस्टम्सच्या अधिसूचनेनं तिची आयात रोखली. दहा दिवसांत किती जणांनी वाचली असेल? पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. आणि 'दंगल होईल' ही भीती निव्वळ सबब होती असंही मी म्हणणार नाही. पण बंदीनं ती टळली का? बंदी येऊन चार महिने झाल्यावर, 24 फेब्रुवारी 1989 ला, मुंबईत त्याच पुस्तकाविरुद्ध मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात बाराएक माणसं मेली. जे पुस्तक इथे मिळतच नव्हतं, त्यापायी.

पुढे त्या अधिसूचनेचंच हसं झालं. दिल्ली उच्च न्यायालयात ती कुणालाच सादर करता आली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालय म्हणालं, मग ती नाहीच असं धरावं लागेल.

आणि हो, प्रत्येक वेळी सरकारच लागतं असंही नाही. 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठानं शिवसेनेच्या विरोधानंतर अभ्यासक्रमातून काढली. दुकानांत ती खुशाल विकली जात होती.

कुठलीही बंदी तपासायची तर आदेश कोणत्या कायद्याखाली निघाला ते आधी बघा. राज्य सरकारनं जप्ती केली असेल (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 98), तर कारणं लिहावीच लागतात आणि दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. मुंबई उच्च न्यायालयानं असे आदेश रद्दही केले आहेत. कस्टम्सच्या वाटेनं आलेली बंदी मात्र बंदरातच पुस्तक अडवते, आणि तिथे भांडायला कुणी फारसं जात नाही.