सरदाच्या (पावसाळी हंगामाच्या) भाताला युरियाची जादा गोणी घालावी का?

प्रश्न (गोव्यातल्या डिचोलीतील एक शेतकरी): पुतण्या नेदरलँड्सला असतो. तिथली शेती खतावर जोरात चालते म्हणे. म्हणून यंदा सरदाच्या भाताला मी युरिया दुप्पट घातला, तर भात लोळलं. खालच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) विहिरीतही शेवाळ धरलंय. आता खत बंदच करू का?

उत्तर: परवा तुमच्या शेतात उतरलो होतो. पानं काळपट हिरवी, ताट चिमटीत धरलं तर पिचपिचीत. मेर (शेताचा बांध) जिथे फुटली आहे, तिथून खाली ओहोळापर्यंत शेवाळाचा पट्टाच दिसतो. भाताने न खाल्लेला युरियातला नत्र (नायट्रोजन) त्या वाटेने गेला. ४५ किलोच्या गोणीत तो जवळजवळ २१ किलो असतो.

पुतण्याला तिथली दुसरी बाजूही विचारा. गुरांच्या शेणमुतातला अमोनिया, म्हणजे नत्राचाच वायू, तिथल्या रानांवर इतका बसला, की २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारची नत्र सोडायला परवाने देणारी योजनाच रद्द केली आणि निर्बंधांना विरोध करायला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात उतरले. फ्रान्समधल्या ब्रिटनीत डुकरांच्या गोठ्यांतला आणि शेतांतला नत्र नद्यांतून समुद्रात जातो. किनाऱ्यावर हिरवं शेवाळ साचून कुजतं, विषारी वायू सुटतो. २०११ मध्ये तिथे रानडुकरं मरून पडली. आपलं पाणीसुद्धा ओहोळातून मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) आणि पुढे नदीतच जातं, म्हणून हे सांगतो.

पण खत एकदम बंद करू नका. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी घातली, भाताचं पीक घसरलं आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली.

आधी माती तपासून घ्या. आपली जांभ्याची जमीन मुळातच आम्ल, युरियाने ती आणखी आंबते. चुना लागेल तो अहवाल बघून घाला, पण युरियासोबत कधीच नको. नत्र हवेत उडतो. युरिया तीन हप्त्यांत द्या: लावणीला, फुटवे येताना आणि पोटरीच्या, म्हणजे कणीस पोटात धरण्याच्या, सुरुवातीला. पावसाची झड असेल तर दोन दिवस थांबा. खत घालण्याआधी शेतातलं पाणी कमी करा आणि मेर बुजवा. चिखलणीत गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडलात तर युरिया तेवढा कमी लागेल.

विहिरीचं पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्या. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तान्ह्या बाळाला ते देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. मातीचा नमुना घेऊन सोमवारी कार्यालयात या, हप्त्यांचा हिशेब बसून करू.