मशीन नंतर बदला, आधी फायली उघडून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो आहे: आता ॲपलचा मॅक घ्यायचा, विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स टाकायचं, गूगलचं क्रोमबुक आणायचं की विंडोजचाच नवा लॅपटॉप घ्यायचा? मी गेली चोवीस वर्षं पुण्यात घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या कम्प्युटरची कामं करतो. ज्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर पुरेसं आहे, त्याला इथे एकच ओळ मिळेल. एका प्रश्नावर मात्र जास्त बोलणार आहे, कारण तिथे झालेलं नुकसान पैसे टाकून भरून निघत नाही.

प्रश्न: विंडोज १०चे सगळे कम्प्युटर आता आपोआप बंद पडणार, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर: नाही. कम्प्युटर चालू राहतो, पण सुरक्षेतल्या ज्या त्रुटी नव्याने सापडतात त्या दुरुस्त होत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवलंत तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवायला तयार असाल तर त्याचे पैसेही पडत नाहीत. त्या मशीनवरून नेटबँकिंग करत असाल तर ही नोंदणी आजच करा आणि असले मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न: माझा लॅपटॉप २०१९चा आहे. दुकानदार म्हणतो, त्यावर विंडोज ११ चढत नाही. नवा घेतला तर जुन्याचे तीन हजार द्यायला तयार आहे. काय करू? (गृहिणी, नाशिक)

उत्तर: तो देऊ नका, निदान आठवडाभर तरी. आधी प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलचा आय-फाइव्ह असेल तर त्यापुढचा आकडा बघा. तो ८२५० किंवा १०२१० असा आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा असेल तर प्रोसेसर विंडोज ११ला सहसा चालतो, आणि २०१९च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो तसाच असतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे, ते चालवा. त्याने ‘टीपीएम नाही’ असं सांगितलं तरी लगेच घाबरू नका. टीपीएम हा सुरक्षेचा भाग बहुतेक वेळा मशीनमध्ये असतो, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या मशीनमध्ये तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीच्या मशीनमध्ये एफटीपीएम या नावाने. बायॉसला स्वतः हात लावू नका, माहितगाराला समोर बसवून करून घ्या.

तुमची खरी तक्रार लॅपटॉप हळू चालतो ही असेल, तर त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवली की तीच मशीन ओळखू येत नाही, आणि तो खर्च नव्या लॅपटॉपच्या पासंगालाही पुरत नाही. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो. काही ठिकाणी तर अटी चुकवून जुन्या मशीनवर ११ चढवून देतात. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. आणि शेवटी एक्स्चेंज करायचंच ठरलं, तर डिस्क काढून घेतल्याशिवाय लॅपटॉप कुणाच्या हातात देऊ नका. तुमचं आधार, पॅन आणि मुलांचे फोटो त्या डिस्कवर आहेत.

प्रश्न: मॅकला व्हायरस लागत नाही ना? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अमरावती)

उत्तर: लागतो. आणि फोनवर ओटीपी सांगून टाकणाऱ्याला कुठलंही मशीन वाचवू शकत नाही.

प्रश्न: मी घरून चार दुकानांचे हिशेब लिहितो. टॅली, जीएसटी, डिजिटल सहीचा टोकन हे रोजचं काम. भाचा म्हणतो, मॅकबुक एअर घ्या, दहा वर्षं बघायला नको. घेऊ का? (हिशेबनीस, कोल्हापूर)

उत्तर: या कामासाठी नको. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२०मध्ये एम-वन चिप असलेले मॅक आले आणि त्यांच्यावर ती सोय राहिली नाही. आता पॅरलल्ससारखं वेगळं, पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर आणून त्यात एआरएम प्रकारच्या चिपसाठीचं वेगळं विंडोज ११ चालवावं लागतं. त्यात तुमच्या टोकनचा ड्रायव्हर चालेल की नाही, हे टोकन ज्या कंपनीचा आहे तीच सांगू शकते. ३१ तारखेला रात्री सही उमटत नाही म्हणून विवरणपत्र अडकलं, तर विलंब शुल्क भाचा भरणार नाही. तरीही मॅकच हवा असेल तर आधी टोकन देणाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या आणि तुमच्या सीएंशी बोला.

जुना इंटेलचा मॅक स्वस्तात मिळतो म्हणून तो घेण्याचा विचार असेल तर तोही सोडा. २०२५मध्ये आलेलं टाहो हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं मॅकओएस आहे.

प्रश्न: २००१पासून आम्ही एक लहानसा दिवाळी अंक काढतो. सगळे अंक पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले आहेत. मजकूर बराचसा श्रीलिपीत, काही कृतिदेवमध्ये. मुलगा नवा मॅक घेऊन देतोय. सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. जुना पीसी भंगारात द्यायला हरकत नाही ना? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर: बाई, हरकत आहे. तो पीसी घराबाहेर जाऊ देऊ नका. माणूस भंगारवाल्याकडे पाठवला असेल तर त्याला परत बोलवा.

तुमच्या फायली मॅकवर जातील, पण वाचता येणार नाहीत. जुने मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. कम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘मराठी’ लिहिता तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं साठवली जातात. फॉन्ट काढून घेतला की तीच पाच अक्षरं समोर येतात. श्रीलिपीची मांडणी कृतिदेवपेक्षा निराळी, आणि शिवाजी, आकृती, सुरेख यांची एकमेकांपेक्षा निराळी. युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीत म हा जगातल्या प्रत्येक मशीनवर म असतो. या जुन्या फायलींत तो म तुमच्या त्या एका पीसीपुरता आहे.

मॅकवर फॉन्टच्या यादीत ‘श्री देवनागरी ७१४’ हे नाव दिसतं आणि लोकांना वाटतं, चला, श्रीलिपी आली. तो युनिकोडचा फॉन्ट आहे, त्याने तुमचे जुने अंक उघडणार नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, तीही २००१ची. आजच्या मॅकवर ती चालत नाही.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. वडिलांनी लिहिलेल्या आठवणींची दोनशेहून जास्त पानं पेनड्राइव्हवर होती, पीसी विकून वर्ष झालं होतं. फॉन्ट कोणता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अकरा संध्याकाळी एकेक फॉन्ट लावून बघत मजकूर वाचता येईल असा झाला. मधली तीसेक पानं दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमध्ये होती, ती आजही तशीच आहेत. त्या पानांत त्यांच्या आईचं माहेर होतं. जुना पीसी दोन दिवस जास्त ठेवला असता तर ते वाचलं असतं, हे मी त्यांना त्या दिवशी सांगू शकलो नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

आता करायचं काय? जुना पीसी चालू आहे तोवर पेजमेकरमधून प्रत्येक अंकाची पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफच्या आत बसवले जातील हे बघा आणि ती पीडीएफ दुसऱ्याच कम्प्युटरवर उघडून तपासा. त्याने अंकाचं रूप वाचेल. मजकूर वाचवायचा तर तो युनिकोडमध्ये आणावा लागेल. श्रीलिपीच्या नव्या आवृत्तीत त्याची सोय मिळते, म्हणून आधी त्यांच्या विक्रेत्याला विचारा. तुमचा श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीला लावायची किल्ली, सांभाळून ठेवा. इंटरनेटवरच्या फुकट परिवर्तकांत कृतिदेवचं बऱ्यापैकी होतं, पण कुठल्याही परिवर्तनानंतर मुद्रितशोधन करावंच लागतं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं याच्या उलट. त्यामुळे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’तला र हरवतो, आणि कवीचं आडनावच बदलून जातं. आणखी एक बारीक गोष्ट: ॲ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८मध्ये. त्याआधीच्या युनिकोड मजकुरात ते अ आणि वरचा चंद्र असं जोडून लिहिलेलं सापडतं, दिसायला सारखंच, पण शोधताना सापडत नाही.

वापरलेल्या फॉन्टच्या फायली आणि कोणत्या अंकात कोणता फॉन्ट आहे त्याची यादी, मूळ फायलींबरोबर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. एक डिस्क मुलाच्या घरी. तुमच्या गावातल्या जुन्या डीटीपी ऑपरेटरला दोन दिवस बोलवा आणि त्याच्या कामाचे नीट पैसे द्या. ही विद्या असलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. मॅक घ्या, चांगला आहे, त्यात देवनागरी कळफलकही आहे. नवा मजकूर मात्र फक्त युनिकोडमध्ये. आणि जुना पीसी इंटरनेट काढून वर्षभर कोपऱ्यात झाकून ठेवा.

प्रश्न: विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं तर घरच्यांना जमेल का? (शेतकरी, परभणी)

उत्तर: ब्राउझर, यूट्यूब, पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर जमेल. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकत आली आहेत. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाकून डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. तसं आठवडाभर वापरा, प्रिंटर आणि वायफाय चालतात का ते पाहा, घरातल्या ज्येष्ठांनाही बसवून बघा. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून ते काम बॅकअप घेतल्यावर आणि कुणी जाणतं माणूस शेजारी असतानाच करा.

प्रश्न: सातवीतल्या मुलीसाठी क्रोमबुक पुरेल का? सेलमध्ये स्वस्त दिसतंय. (पालक, ठाणे)

उत्तर: शाळेला विचारून घ्या. परीक्षेसाठी त्यांना विंडोजचं एखादं सॉफ्टवेअर लागत असेल तर पुरणार नाही. सेलमधल्या मॉडेलची अपडेट कधी संपतात तेही बघा. गूगल नव्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट देतं, पण ती दहा वर्षं तुमच्या खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत. स्वस्त मालाचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

प्रश्न: मॅक मिनीत मेमरी नंतर वाढवता येते का? (छायाचित्रकार, रत्नागिरी)

उत्तर: नाही, घेतानाच ठरवा.

प्रश्न: मॅक घ्यायचा म्हणून विंडोज ११चा लॅपटॉप विकायला काढला होता. बायॉसमध्ये काहीतरी बदललं आणि आता निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागतोय. फोटो सगळे आत आहेत. (अभियंता, पणजी)

उत्तर: आता काहीही दाबू नका, रीसेट तर मुळीच नको. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, बंद झालेली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने नवा लॅपटॉप सुरू केला की हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. फोनवरून त्या खात्यात जा आणि उपकरणांच्या यादीत तुमचा लॅपटॉप शोधा. तिथे किल्ली नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कुणी सुरू करून दिला ते आठवा. दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ऑफिसचा ईमेल जोडला असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. बायॉसमधला बदल जसा होता तसा परत केला तर कधी कधी किल्ली न मागता मशीन सुरू होतं, पण तेही एकट्याने करू नका. किल्लीशिवाय ही डिस्क उघडून देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याला लॅपटॉप देऊ नका. उद्या सकाळी बिल घेऊन ज्या दुकानातून घेतला तिथे जा आणि कोणता ईमेल वापरला ते विचारा.