मिकीची जयंती की वाढदिवस?

प्रश्न असा आहे: मिकी माउसला २०२८ साली शंभर वर्षं होतील, सुपरमॅन आणि बॅटमॅन त्याच्या मागोमाग आहेतच. अशा काल्पनिक पात्रांबद्दल मराठीत लिहिताना 'जन्मशताब्दी' म्हणायचं, 'जयंती' म्हणायचं, की 'वर्धापनदिन'?

जयंती आधी बाजूला काढू. मराठीत जयंती देवादिकांची असते, नाहीतर हयात नसलेल्या थोरांची. 'मिकीची जयंती' असं वाचलं की मिकी गेला कधी, हा प्रश्न पहिला मनात येतो. घोटाळा होतो तो हिंदीमुळे. तिकडे 'रजत जयंती', 'स्वर्ण जयंती' हे शब्द आपल्या रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सवाच्या जागी चालतात, आणि घाईघाईत केलेल्या भाषांतरातून ते आपल्याकडे जसेच्या तसे उतरतात. सुपरमॅनला तर १९९२ साली कॉमिकमध्ये खरोखर मारलं होतं. पुढच्याच वर्षी तो परत आला आणि त्याची पुण्यतिथी पाळायची वेळ काही आली नाही. तेव्हा त्याचाही वाढदिवसच.

वर्धापनदिन हा शब्द मुळात माणसांचाच. जुन्या धर्मविधींत वर्धापन म्हणजे वाढदिवसाचा विधी. आज मात्र तो संस्था, मासिकं, दुकानं आणि पक्ष यांच्याकडे गेला आहे, तो इतका की एखाद्या माणसाला 'वर्धापनदिनाच्या शुभेच्छा' दिल्या तर तो चमकेल. म्हणून ज्या मासिकात सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा वर्धापनदिन म्हणा, कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचाही म्हणा. सुपरमॅनचा म्हटलात तर ते पात्र राहत नाही, नोंदणीकृत संस्था होते. (व्यापारी अंगाने पाहिलं तर ते फारसं खोटंही नाही, पण तो विषय वेगळा.)

जन्मशताब्दीचं थोडं नाजूक आहे. व्याकरणाने अडत नाही, पण हा शब्द साधारणपणे दिवंगत व्यक्तीसाठी वापरला जातो. शिवाय या क्षेत्रात तो मोकळा सोडला तर गोंधळ होतो, कारण पात्राच्या मागे त्याचा निर्माताही उभा असतो. २०२२ हे वर्ष घ्या. 'पीनट्स'चा चित्रकार चार्ल्स शुल्झ आणि कॉमिक्सचा लेखक स्टॅन ली दोघेही १९२२ सालचे, म्हणजे २०२२ ही दोघांची जन्मशताब्दी. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन मात्र १९६२ सालचा, त्याला त्या वर्षी साठ पूर्ण झाली. एकाच लेखात 'लीची जन्मशताब्दी' आणि 'स्पायडरमॅनचा हीरकमहोत्सव' असं लिहिलं की कोण कुठला ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. शुल्झची 'पीनट्स' ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली. २०२५ मध्ये तिचा अमृतमहोत्सव झाला, तेव्हा शुल्झला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. जन्मशताब्दी माणसाकडे ठेवावी, मिकीला नुसती शताब्दी पुरे.

महोत्सवांचे आकडे बहुतेकांना पाठ असतात: पंचविसाला रौप्य, पन्नासला सुवर्ण, साठाला हीरक, पंचाहत्तरला अमृत. इंग्रजीत मात्र हिऱ्याचा शब्द साठीलाही लागतो आणि पंचाहत्तरीलाही. तिथली बातमी समोर ठेवून 'बॅटमॅनच्या पंचाहत्तर वर्षांचा हीरकमहोत्सव' असं लिहिलं की आपल्या हिशेबात पंधरा वर्षांची चूक होते. पंचाहत्तरला अमृतच.

आता मोजायचं कुठून? इथे खरी गंमत आहे. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जून १९३८ छापलं आहे, पण अंक विक्रीला आला एप्रिलमध्ये. अमेरिकी मासिकांवर एक-दोन महिने पुढची तारीख टाकायची पद्धतच होती. त्यात गोष्टींमधला सुपरमॅनचा परंपरागत वाढदिवस २९ फेब्रुवारी, म्हणजे चार वर्षांतून एकदा. 'पीनट्स'मधल्या स्नूपी या कुत्र्याचंही तसंच: चित्रमालिकेत तो आला ४ ऑक्टोबर १९५० ला, पण त्याचा वाढदिवस १० ऑगस्टला. टॉम आणि जेरीची तऱ्हा आणखी वेगळी. फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या चित्रपटात मांजराचं नाव जॅस्पर होतं, टॉम हे नाव पुढच्या वर्षीचं. जन्म एका साली आणि बारसं दुसऱ्या साली! अशा वेळी 'पदार्पण' हा शब्द हाताशी असू द्यावा. 'सुपरमॅनच्या पदार्पणाला पंचाहत्तर वर्षं' म्हटलं की गोष्टीतला जन्मदिवस कोणता या वादात शिरावं लागत नाही.

वर्षाबद्दलही एक सांगायला हवं. 'शंभराव्या वर्षात पदार्पण' म्हणजे नव्व्याण्णव पूर्ण. 'शंभरावा वाढदिवस' म्हणजे शंभर पूर्ण. मिकीची तारीख डिस्नी कंपनी १८ नोव्हेंबर १९२८ धरते, 'स्टीमबोट विली' हा कार्टूनपट प्रदर्शित झाला तो दिवस. म्हणजे त्याचं शताब्दी वर्ष १८ नोव्हेंबर २०२७ ला सुरू होईल आणि शताब्दीपूर्ती पुढच्या १८ नोव्हेंबरला.

मला स्वतःला या सगळ्या महोत्सवांपेक्षा पन्नाशी, साठी, पंचाहत्तरी, शंभरी हे घरगुती शब्द या पात्रांसाठी जास्त आवडतात. 'स्पायडरमॅनची साठी' म्हटलं की हसू येतं, कारण साठीबरोबर नाठी बुद्धी आठवते आणि हा पठ्ठ्या अजून भिंतींवर चढतोय. सुवर्ण-अमृताच्या थाटात ही मजा हरवते. फक्त क्रियापद सांभाळा. मिकीने 'शंभरी गाठली' किंवा 'शंभरी पूर्ण केली' असंच लिहा. 'मिकीची शंभरी भरली' म्हणाल तर शिशुपाल आठवेल, आणि त्याचे शंभर अपराध भरल्यावर पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.