किलर टी सेल कुठून येतात?

प्रश्न : व्हायरल व्हेक्टर लशीने अँटीबॉडीसोबत किलर टी सेलही तयार होतात असं वाचलं. असं का होतं? आणि तीच लस परत घेतली की या पेशी अजून वाढतात का?

उत्तर : किलर टी सेल म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणारी एक पांढरी रक्तपेशी. तिला रक्तात फिरणारा मोकळा व्हायरस दिसतच नाही, तिला दिसते ती लागण झालेली पेशी. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रोटीनचे बारीक तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो अ‍ॅसिडचे, एमएचसी क्लास वन नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असते, आणि त्यात परका तुकडा दिसला की किलर सेल चिकटते, परफोरिन नावाच्या प्रोटीनने भोक पाडते, ग्रॅन्झाइम नावाची एन्झाइम आत सोडते आणि ती पेशी मरते. म्हणजे तुकडा आतून यायला हवा. व्हेक्टर लस नेमकं हेच करते. तिच्यातला व्हेक्टर म्हणजे वाहक, बहुतेकदा वाढू न शकणारा अ‍ॅडिनोव्हायरस (सर्दी-तापाचा एक व्हायरस), ज्या रोगाची लस आहे त्याच्या व्हायरसचं फक्त जीन पेशीत पोचवतो, प्रोटीन पेशी स्वतःच बनवते, त्यामुळे नुसतं प्रोटीन टोचणाऱ्या लशींपेक्षा इथे किलर सेल सहसा जास्त जोमाने तयार होतात.

आता दुसऱ्या डोसचं. दुप्पट वगैरे होत नाही. याचं एक कारण असं मानतात की पहिल्या डोसनंतर शरीर त्या व्हेक्टरविरुद्धच अँटीबॉडी बनवतं आणि पुढच्या वेळी त्यातला काही भाग पेशीत शिरायच्या आधीच अडतो. ऑक्सफर्डच्या कोविड लशीच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये टी सेलचा प्रतिसाद १४व्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वर गेला, दुसऱ्या डोसने तो वाढला नाही, अँटीबॉडी मात्र वाढल्या. म्हणूनच स्पुटनिक व्ही या रशियन कोविड लशीत आधी अ‍ॅड२६ आणि मग अ‍ॅड५ असे दोन वेगळे व्हेक्टर (माणसाच्या अ‍ॅडिनोव्हायरसचे दोन प्रकार) घेतले, आणि ऑक्सफर्डने चिंपांझीचा व्हायरस निवडला कारण माणसाच्या अ‍ॅडिनोव्हायरसशी आपल्यातल्या कित्येकांची गाठ आधीच पडलेली असते.

प्रश्न : मग किलर सेल भरपूर झाल्या की लस यशस्वी म्हणायची का?

उत्तर : नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ‘टी सेल वाढल्या’ एवढ्यावर लोक निश्चिंत होतात. एचआयव्हीवरची अ‍ॅड५ व्हेक्टरची लस बघा. तिच्या ‘स्टेप’ नावाच्या ट्रायलमध्ये लस घेतलेल्या बहुतेकांमध्ये टी सेल तयार झाल्या होत्या, तरी लागण थांबली नाही आणि व्हायरसही कमी झाला नाही, सप्टेंबर २००७मध्ये लस देणं बंद केलं. उलट ज्यांना अ‍ॅड५च्या अँटीबॉडी आधीपासून होत्या आणि सुंता झालेली नव्हती अशा पुरुषांमध्ये लागण जास्त दिसली. एचआयव्ही इतका बदलतो की ओळखलेला तुकडाच नाहीसा होतो, मग पेशी कितीही असोत.

कोविडमध्ये चित्र वेगळं होतं. ओमिक्रॉनने अँटीबॉडींना बऱ्याच प्रमाणात चकवलं पण टी सेल ओळखतात ते बहुतेक तुकडे तसेच राहिले. अर्थात किलर सेल लागण झाल्यावरच कामाला लागते, त्यामुळे तिच्याकडून अपेक्षा ठेवायची ती आजार गंभीर होऊ न देण्याची, सर्दी-ताप येऊच नये अशी नाही.