पणजीत नव्याने आलेल्यांनी खाणावळी कशा पारखाव्यात

पणजीत बिऱ्हाड थाटल्यावर सुरुवातीला किनाऱ्यावरच्या शॅकचा नाद सोडावा आणि बाजार व कचेऱ्यांच्या आसपास, जिथे स्थानिक नोकरदार दुपारी जेवतात, तिथे जाऊन बसावे, असे मी सुचवीन. वेळ मात्र सांभाळावी. उशीर झाल्यास चांगली मासळी संपलेली असते आणि अनेक खाणावळी तीननंतर संध्याकाळपर्यंत बंद राहतात.

थाळीत भात, हुमण (नारळाच्या वाटणाची माशांची आमटी), सुक्या सुंगटांची म्हणजे कोलंबीची किसमूर (खोबरे घातलेली कोशिंबीर), तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि सोलकढी असा बेत बहुधा असतो. मी त्या जागेची पारख हुमणावरून करतो : बांगड्याच्या हुमणाला तिरफळांचा वास येतो की नाही, आणि वाटणात पाणी ओतून ते वाढवले आहे का, हे पहिल्या घासालाच कळते. तळलेल्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात व ते आकारानुसार बरेच चढतात, म्हणून दर आधीच विचारावा. त्यात संकोच कसला?

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने तेव्हा खाडीतील व सुक्या मासळीवर भर द्यावा. सोमवारी बरीच हिंदू कुटुंबे शिवराक जेवतात, तेव्हा तो दिवस शाकाहारी उपाहारगृहांसाठी राखून ठेवावा. तिथली पातळ भाजी पावाबरोबर सकाळीच खावी, आणि संध्याकाळी रस-आमलेटाचे (रश्श्यातल्या आमलेटाचे) गाडे आहेतच.