वाचक विचारतात : घरातली हजारो पुस्तकं काढायची कशी?

प्रश्न : सासऱ्यांच्या माघारी घरात अंदाजे अडीच हजार पुस्तकं आहेत. तीन महिन्यांत घर रिकामं करायचंय. एकेक विकावीत की सगळी एकदम द्यावीत? सुरुवात कुठून करू?

पहिले काही दिवस पुस्तकं कपाटातून काढूच नका. लावणाऱ्याने विषयवार किंवा लेखकवार क्रम लावलेला असतो आणि एखाद्या विषयाचा सलग संच सुट्ट्या पुस्तकांपेक्षा चांगला विकला जातो. खोक्यांत भराभर कोंबलं की तो क्रम कायमचा गेला. आधी प्रत्येक कप्प्याचा फोटो घ्या, कण्यावरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. हेच फोटो विक्रेत्यांना पाठवा. ‘खूप जुनी पुस्तकं आहेत’ एवढ्या निरोपावर कुणी येत नाही. फोटोंतून त्याला यावं की नाही ते कळतं.

मग एकेक पुस्तक हातात घ्या. आत पत्रं, नोटा, पावत्या, कधी घराची कागदपत्रंही निघतात. मात्र पुस्तक उलटं धरून झटकू नका, जुनी शिवण सुटते. पानं अंगठ्याखालून सोडत पाहा. लेखकाचं पत्र सापडलं तर पाकिटात घालून त्यावर पुस्तकाचं नाव लिहा, कारण दोन्ही एकत्र असली तर त्यांचं मोल वाढतं.

ढीग तीनच : घरात ठेवायचं, तपासायचं, बाकीचं. पुस्तकामागे अर्धा मिनिट धरलंत तरी अडीच हजारांना एकवीस तास लागतात. वाचत बसलात तर वर्ष जाईल. नातेवाइकांना तारीख देऊन आधीच निवडू द्या. सौदा ठरल्यावर येणारा भाचा फार महागात पडतो.

एकेक विकायचं तर फोटो, वर्णन, चौकशीला उत्तरं आणि बांधणं मिळून एका पुस्तकाला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणजे शंभर पुस्तकांना पंचवीस ते तेहतीस तास. म्हणून ‘तपासायचं’ ढिगातली मोजकीच सुटी विका, बाकीची एकगठ्ठा द्या. विक्रेता दुकानातल्या किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच रक्कम म्हणाला तर ती लूट समजू नका. त्याच्याकडे निम्मी पुस्तकं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि जागेचं भाडं तोच भरतो. खरी फसगत वेगळीच असते : तो चांगली वीस उचलतो आणि उरलेली दोन हजार तुमच्या गळ्यात पडतात. वेचून नेणार की सरसकट, वाहतूक कोणाची, किती दिवसांत, हे लिहून घ्या. निदान दोघांना तरी दाखवा, आणि दुसरा बघून जाईपर्यंत पहिल्याला ‘नमुन्यादाखल’ एकही पुस्तक नेऊ देऊ नका.

प्रश्न : चामडी बांधणीचा विश्वकोश आणि शंभर वर्षांपूर्वीचे धार्मिक ग्रंथ आहेत. यांना चांगली किंमत येईल ना?

बहुधा नाही. दोन्ही प्रकार मोठ्या संख्येने छापले गेले आणि घरोघरी जपून ठेवले गेले. नुसतं वय असून भागत नाही. प्रती थोड्या आणि मागणारे जास्त असावे लागतात. उलट ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्या पातळ चोपड्या बाजूला काढा : एखाद्या गावाचा इतिहास, संस्थेचा अहवाल, कारखान्याचं सूचिपत्रक, बंद पडलेल्या मासिकाचे पहिले अंक. त्या रद्दीत गेल्या म्हणूनच आज दुर्मीळ आहेत.

आवृत्ती ओळखायला शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहा. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर किंमत साधारणच. अनेक इंग्रजी पुस्तकांत तिथे १० ९ ८ ७ अशी आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, १९७० च्या सुमारास रूढ झाला आणि २००७ पासून १३ अंकी आहे. साल १९६५ छापलेलं आणि क्रमांक १३ अंकी, तर हातातली प्रत नंतरची समजा. क्रमांकच नसेल तर नाव, प्रकाशक आणि साल यांवरून शोधा. शोधताना मागितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. मागायला कोणी काहीही मागतं.

विसाव्या शतकातल्या संग्राह्य कादंबऱ्यांत पुठ्ठ्यावरचं कागदी वेष्टन नसेल तर बहुतेक किंमत तिथेच जाते. फाटलं असलं तरी फेकू नका आणि चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मालकाचं नाव खोडू नका, खाडाखोड नावापेक्षा वाईट दिसते.

प्रश्न : काही पुस्तकांना कुबट वास येतो, काहींत कसर आहे. उन्हात ठेवू?

कडक उन्हात रंग उडतो आणि पुठ्ठे वाकतात. आधी ही पुस्तकं बाकीच्यांपासून वेगळी करा. कसरीसाठी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. दव पिशवीला धरू दे, पानांना नको. चामडी बांधणी आणि फोटोंचे अल्बम यात घालू नका.

बुरशीला गारठ्याने मरण नाही, ती फक्त झोपते. बोट लावल्यावर फासली जाणारी ओलसर बुरशी असेल तर पुस्तक सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा. मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. तरीही असं पुस्तक कुणाला विकू वा देऊ नका, शेजारची पुस्तकंही जातात.

प्रश्न : खोकी किती आणि कशी भरावीत?

छोटी घ्या. एका खोक्यात पंचवीस-तीस पुस्तकं, वजन बारा-तेरा किलो. अडीच हजारांचं वजन टनाच्या वर जातं, म्हणजे नव्वदेक खोकी धरा. पुस्तकं आडवी किंवा कणा खाली करून ठेवा. पानांची मोकळी कड खाली आली की पानं स्वतःच्या भाराने बांधणीतून ओघळतात.

प्रश्न : ग्रंथालयाने देणगी नाकारली. आता?

त्यांना नोंदणीचं काम आणि जागा दोन्ही लागतात, शिवाय तीच पुस्तकं आधीच असतात. यादी पाठवून विषयाचा एखादा संच देऊ करा. त्याला होकार मिळण्याची शक्यता जास्त. दिलेलं पुढे विकलं किंवा काढून टाकलं जाऊ शकतं, ते खपणार नसेल तर देऊ नका. जुनी क्रमिक पुस्तकं, कालबाह्य कायद्याची आणि संगणकाची पुस्तकं सरळ रद्दीत घाला. पुठ्ठे आणि प्लास्टिकचं आवरण काढून कागद कोरडा ठेवा, आणि नाव-पत्ता वा बँकेचा तपशील असलेली पानं आधी फाडून घ्या.